सराव सामन्यांतले नऊ होमरन आणि एक दिवस

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडापानावर बेसबॉलला फारशी जागा मिळत नाही, म्हणून गेल्या आठवड्यातली छोटी चौकट मी दोनदा वाचली. हंगामाआधीच्या सराव सामन्यांत एखादा पोरगा पिचर्सना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, धू धू धुतो आणि ऐन हंगामाच्या तोंडावर त्यालाच खालच्या लीगमध्ये धाडतात, हा शुद्ध अन्याय, असा तिचा सूर होता. अन्याय होतो, हे मलाही मान्य आहे. चौकटीने बोट मात्र भलत्याच जागी ठेवलंय.

मी मुंबईत बावीस वर्षं पावसाळ्यातल्या कांगा क्रिकेट लीगमध्ये स्कोअरर होतो. आता मुलाकडे ॲरिझोनात, मेसा गावी असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत फिनिक्सच्या आसपास मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगच्या, पंधरा संघांचा सरावासाठी मुक्काम असतो, उरलेले पंधरा फ्लोरिडात. शिकागो कब्सचं स्लोन पार्क आम्हाला जवळ. तिथे मैदानाच्या कडेच्या हिरवळीवर सतरंजी टाकायची आणि सवयीने वही उघडायची, हा माझा क्रम. पहिल्या वर्षी सामना संपल्यावर मी बेरजा करायला बसलो, तर शेजारचे शिकागोचे एक आजोबा हसायला लागले. तेही वर्षानुवर्षं स्कोअर लिहितात, पण मार्चच्या सामन्यांची बेरीज त्यांनी कधीच मारलेली नाही.

कारण हळूहळू माझ्याही लक्षात आलं. नऊपैकी पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर नावाजलेले खेळाडू आंघोळ करून घरी गेलेले असतात आणि मैदानात पाठीवर ८७, ९४ असे नवख्यांचे आकडे दिसू लागतात. आठव्या इनिंगमधला टोलेजंग होमरन, म्हणजे थेट कुंपणापार गेलेला फटका, बहुधा अशाच एखाद्या पोराच्या चेंडूवर बसलेला असतो. पहिल्या इनिंगला मुरलेला पिचर असला तरी तो स्वतःचं काम करत असतो. हिवाळ्यात शिकलेला नवा चेंडू तो टाकतच राहतो, मार पडला तरी. असाच एक जण चार फटके खाऊन हसत हसत डगआउटमध्ये जाताना मी पाहिलाय. माझ्या वहीत मात्र त्याचा पार निकाल लागला होता. त्यात इथली हवा कोरडी, चेंडू लांब जातो. आमच्या कांगात सगळं उलट. भिजलेली खेळपट्टी, घोटाभर गवत, चेंडू चार हातांवर जाऊन रुतणार. तिथल्या वीस धावा आम्ही पन्नास धरायचो.

म्हणून संघवाले मार्चमध्ये धावफलकाकडे कमी बघतात. पिचरचा वेग गेल्या वर्षीइतका आहे का, खांदा दुखत नाही ना, फलंदाज वाईट चेंडू सोडतो का, हे बघतात. २०१८ साली शेजारच्या टेंपीत जपानहून आलेला शोहेई ओतानी एंजल्स संघाच्या सराव सामन्यांत ३२ वेळा बॅटिंग करून फक्त ४ हिट (बाद न होता तळ गाठून देणारे फटके) काढू शकला, पिचिंगमध्येही बेदम मार खाल्ला. ‘याला आधी खाली पाठवा’ असं म्हणणारे कमी नव्हते. एंजल्सनी ठेवला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. उलट २०१३ मध्ये बोस्टनच्या जॅकी ब्रॅडली ज्युनियरने फ्लोरिडात ०.४१९ च्या सरासरीने, म्हणजे शंभर वेळा बॅटिंगमागे सुमारे ४२ हिट या दराने, मारलं. डेव्हिड ऑर्टिझ जखमी असल्याने जागाही रिकामी होती, म्हणून पहिल्याच दिवशी त्याला संघात घेतलं. त्या हंगामाअखेर त्याची सरासरी होती ०.१८९.

तसंही २६ जणांच्या संघातल्या बहुतेक जागा करारांनी आधीच भरलेल्या असतात. खरी चुरस शेवटच्या दोन-तीन जागांसाठी. तिथेही ज्याला खाली धाडण्याची मुभा संघाने वापरून संपवलीय, तो वाईट खेळला तरी बऱ्याचदा राहतो. त्याला हलवायचं तर आधी इतर संघांना उचलायची संधी द्यावी लागते.

आता अन्यायाचं. २०१५ च्या मार्चमध्ये मी इथेच होतो. कब्सच्या क्रिस ब्रायंटने ४० वेळा बॅटिंग करून १७ हिट काढले, त्यात ९ होमरन. कोणत्याच संघातल्या कोणाचे तेवढे नव्हते. तरी त्याला खाली पाठवलं, कारण सांगितलं की क्षेत्ररक्षण अजून कच्चं आहे. १७ एप्रिलला वर बोलावलं. मेजर लीगमध्ये हंगामात १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू हव्या त्या संघाकडे जायला मोकळा. ब्रायंटचे त्या वर्षी भरले १७१.

मी नोकरी केली त्या कचेरीत रोजंदारीवरच्या माणसांना २४० दिवस भरायच्या आत घरी बसवायचे आणि मग पुन्हा नवीन म्हणून घ्यायचे. त्याला आम्ही ‘खंड देणं’ म्हणायचो. हजेरीपट माझ्याच टेबलावर असायचा, त्यामुळे हा १७१ चा आकडा मला अमेरिकन वाटलाच नाही. ब्रायंट त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू, आणि कब्सनी १९०८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. या हुकलेल्या एका दिवसाबद्दलची त्याची तक्रार मात्र २०२० मध्ये फेटाळली गेली. तो मोकळा झाला २०२१ च्या हंगामानंतर, म्हणजे वर्षभर उशिरा.

त्याने तीन होमरन मारले असते तरी खालीच गेला असता आणि पंधरा मारले असते तरी. चौकटीतलं ‘एवढं मारूनही डावललं’ म्हणून पटत नाही. मारण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०२२ च्या करारात थोडी सुधारणा झाली. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला आता पूर्ण वर्ष मिळतं, आणि होतकरू पोराला पहिल्या दिवसापासून ठेवणाऱ्या संघालाही नवा खेळाडू निवडण्याची जादा संधी मिळू शकते.

मार्चमध्ये कोणाचं नशीब उघडतच नाही असं नाही. २००१ मध्ये सेंट लुईसच्या सराव शिबिरात आल्बर्ट पुहोल्स नुसता पाहुणा म्हणून आला होता. आदल्या वर्षी तो जवळजवळ सगळा हंगाम तळाच्या लीगांत खेळलेला. तो चमकला हे खरं, पण अनुभवी बॉबी बोनिया जखमी झाला नसता तर जागा झाली असती का, कोण जाणे. पुढे त्या हंगामात ३७ होमरन.

एक विनंती आहे. पुढच्या मार्चमध्ये अशी चौकट छापलीत तर होमरनच्या शेजारी दोन आकडे आणखी द्यावेत: किती वेळा बॅटिंग केली, आणि खेळाडूचे सेवेचे दिवस किती भरलेत. जागा कमी पडत असेल तर दुसरा तेवढा द्या.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर
मेसा, ॲरिझोना