वंदू, सरांची १८च मिनिटं हाती लागली

प्रिय वंदू,

सात महिने झाले, ना पत्र ना फोन, तुझ्या दोन मेसेजना नुसते अंगठे पाठवले. त्याबद्दल समोर आलीस की हवं तेवढं बोल, ऐकून घेईन. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे, डॉक्टर म्हणतात चालत राहा, चालतेय. ते जाऊ दे. आज लिहायला बसले कारण एक गोष्ट घडलीये आणि घरात सांगितली तर सगळे म्हणाले, "अगं मग परत शूट कर ना." परत कसलं शूट कर! तुलाच कळेल म्हणून तुला लिहितेय.

आपल्या फोटोग्राफीच्या सरांचं रेकॉर्डिंग गेलं गं.

झालं असं की मागच्या महिन्यात सरांच्या घरून काकूंचा सकाळी सकाळी फोन आला की आज सर छान आहेत, नावं आठवतायत, गप्पा मारतायत, येतेस का. मी हातातलं सगळं टाकून गेले. आणि खरंच वंदू, ते तेच सर होते. मला बघून पहिलं काय विचारलं असेल? "ती दुसरी कुठंय, दार उघडणारी?" तू त्यांच्या डोक्यात अजून दार उघडणारीच आहेस. मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, आधी दोनेकशे फोटो काढले आणि मग व्हिडिओ सुरू करून त्यांच्यासमोर बसले. सव्वा तास बोलले गं. डार्करूम, ती लाल दिव्याची खोली, आत कुणी येऊ नये म्हणून आपण दोघी मोठमोठ्यांदा गाणी म्हणायचो ते, सगळं. मध्येच रिकामा हात उचलून त्यांनी डेव्हलपिंगची, म्हणजे फिल्म धुवायची, टाकी उलटी-सुलटी करून दाखवली आणि शेवटी ती टेबलावर दोनदा ठोकली, बुडबुडे जायला. हातात काही नव्हतं, तरी ठोकण्याचा आवाज बरोबर झाला, बोटांच्या पेरांचा.

घरी येऊन कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. फाइली सगळ्या होत्या, नावं बरोबर, साइज बरोबर, व्हिडिओ ५० जीबीच्या वर. डबल क्लिक केलं, उघडेना. दुसऱ्या प्लेअरमध्ये लावला, उघडेना. मग नंतरचे फोटो, निघताना अंगणात काढलेले काकूंसोबतचे, तेही एक उघडेना. कॅमेऱ्यावर तर मी तेव्हा बघितले होते! नंतर कळलं की फोटो काढल्या काढल्या कॅमेरा जो दाखवतो तो स्वतःच्या मेमरीतून दाखवतो, कार्डावर तो नीट उतरला की नाही याचा त्यात काही पुरावा नसतो.

कार्ड खोटं निघालं. वर १२८ जीबी छापलेलं, आतली चिप १६ची. मला वाटायचं की खोटं कार्ड म्हणजे स्लो असेल, नाहीतर लवकर मरेल. तसं नसतं. कार्डाच्या आत एक कंट्रोलर असतो, कॅमेऱ्याने विचारलं किती जागा आहे की उत्तर तो देतो, आणि या लोकांनी त्यालाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरही ११९ दाखवत होता, म्हणजे खऱ्या १२८च्या कार्डाला जेवढे दाखवतो तेवढेच (कार्डवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि माझं विंडोज १०२४च्या, म्हणून ते कमी दिसतात, त्यात फसवणूक नसते). १६ जीबी भरले की पुढचं लिहिलेलं सरळ हवेत जातं, एरर नाही, लाल दिवा नाही, काही नाही. फाइलींची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीलाच असते, ती खऱ्या जागेत बसते, म्हणून नावं सगळी दिसतात. सहा महिने मी ते कार्ड वापरत होते आणि प्रत्येक वेळी थोडे फोटो काढून, कॉपी करून फॉरमॅट करत होते, त्यामुळे १६च्या पुढे कधी गेलेच नव्हते. पहिल्यांदा गेले ती सरांसमोर.

आता तुला कळेल मी तुलाच का लिहितेय. तो फिल्मचा रोल आठवतो ना? ३६ फोटो, शेवटच्या सहलीचे, आणि तू रिवाइंड न करता, फिल्म परत डबीत न गुंडाळता, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलंस. मी तुझ्याशी चार महिने बोलले नाही. "तुझ्या हातात कुठलीच गोष्ट टिकत नाही" असं म्हणाले होते मी, सगळ्यांसमोर. आणि तू म्हणालीस, "फोटोच आहेत, कुणी मेलं नाही." त्या वाक्याचा राग मी इतकी वर्षं धरून ठेवला होता, खरं सांगते. पण सर काय म्हणाले होते तेव्हा? "न बघता फेकायचं नाही." आणि त्यांनी तो रोल धुतला, आणि पहिले अकरा फोटो आले! काढलेली फिल्म पुढच्या चक्रीवर गुंडाळली जाते, पहिले फोटो सगळ्यात आत जातात, वरच्या वेढ्यांनी उजेड अंगावर घेतला आणि आतले वाचले. बाराव्यात मी अर्धी आहे आणि अर्धी पांढरी.

या कार्डाचंही अगदी तसंच झालंय वंदू. म्हणून मी ते फेकलं नाही आणि फॉरमॅटही केलं नाही, पुढे एक फोटोसुद्धा काढला नाही त्यावर. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत काढून घेतली आणि जे काय प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर. फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं, ते डिलीट झालेलं शोधून काढतं खरं, पण जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कुठून आणणार. आधीचे दोनशे फोटो मात्र आले, सगळे. आणि व्हिडिओचं असं असतं की कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितात, ती गेली म्हणून फाइल उघडत नव्हती, पण सुरुवातीचा भाग कार्डावर पडून होता. अनट्रंक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल दाखवायची, तिच्यावरून ते मोडकी फाइल जुळवतं. तीन रात्री बसले. १८ मिनिटं आली. टाकी ठोकतात ते आलंय, आवाजासकट. तुझी गोष्ट नुकती सुरू होते, "ती एकदा काय झालं, ती..." आणि संपतं.

मी खूप रडले. काकूंना अजून सांगितलं नाहीये. सांगावं का, तू सांग. त्या रोज विचारतात, पेनड्राइव्हवर कधी देतेस. नातवाला दाखवायचंय त्यांना. मला एकदा वाटतं १८ मिनिटं द्यावीत आणि गप्प बसावं, पण त्या तिथेच बसल्या होत्या, त्यांना माहितीये सव्वा तास होता. खोटं बोलवत नाही गं.

तर आता कार्डांचं. हे मी तुझ्यासाठी लिहितेय, कारण तुझा नवा कॅमेरा आलाय असं ऐकलं आणि तुला मी ओळखते, लेन्स पायमोज्यात गुंडाळून ठेवणारी बाई तू, कार्ड कुठल्या तरी जुन्या मोबाइलचं काढून अडॅप्टरमध्ये घालशील. घालू नकोस. मायक्रो कार्ड वाईट नसतं, पण अडॅप्टर म्हणजे आणखी एक जोड, आणि ऐन वेळी कॉन्टॅक्ट सुटतो.

खोक्यावर जो मोठा आकडा असतो ना, १७०, २००, तो वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डावरून कॉम्प्युटरवर घेताना, तोही बऱ्याचदा त्याच कंपनीच्या रीडरमध्ये घातलं तर. शूट करताना लागतो तो लिहिण्याचा वेग. त्याच्यासाठी छोटा V बघायचा, V३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला ३० मेगाबाइटच्या खाली जाणार नाही, V६०, V९० तसंच. कॅमेऱ्यात व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो, त्याला ८ने भागायचं. माझा १०० मेगाबिटवर चालतो म्हणजे साडेबारा मेगाबाइट, मला V३० भरपूर झालं. तुझा ४००चा मोड वापरणार असशील तर ५० होतात, म्हणजे V६० घे. मागे पिनांच्या दोन ओळी असलेलं यूएचएस-२ घ्यायचं तर आधी तुझा कॅमेरा दुसरी ओळ वापरतो का ते मॅन्युअलमध्ये बघ, नाहीतर उगाच महाग पडतं आणि चालतं पहिल्या ओळीवरच. वेगाचं एवढं पुरे. लोक वेगावरच तासन् तास बोलतात, माझा घात वेगाने केलाच नाही.

माझा घात मी कार्ड भरून बघितलं नाही याने केला. ओळखीच्या ब्रँडचं नाव होतं त्यावर, छपाईही चांगली होती, फक्त विकणारा कोण होता ते मी बघितलं नाही, स्वस्त दिसलं आणि घेतलं. आता कार्ड आलं की पहिलं काम, एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर लावायचं (तुझा मॅक आहे ना, मग एफथ्री), ते अख्खं कार्ड काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं परत वाचून जुळतंय का बघतं. मोठ्या कार्डाला तास-दोन तास लागतात, लागू देत. फक्त कार्ड रिकामं असताना, आत काही जपायचं असेल तेव्हा अजिबात नाही. मी नवी दोन घेतली, ६४ची, अधिकृत विक्रेत्याकडून, दोन्ही भरून बघितली आणि पाठीवर मार्करने तारीख टाकली. एक १२८चं घेण्यापेक्षा दोन ६४ची, एक गेलं तरी सगळं जात नाही. तुझ्या कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन खाचा आहेत, तू तर दुसरी बॅकअपवर लाव, म्हणजे तोच फोटो दोन्हीकडे जातो. ती कंपनीकडून ओव्हरफ्लोवर लावलेली असेल, म्हणजे पहिलं भरलं की दुसरं, ते आधी बदल. आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच कर, आणि लाल दिवा लुकलुकत असताना झाकण उघडू नकोस. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये, वंदू, आता खरंच नाही. त्या रोलबद्दल मी जे बोलले ते चुकीचं होतं. तू एक झाकण उघडलंस, तेही अनवधानाने, आणि मी चार महिने घेतले.

मिनूला नोकरी लागली ना, अभिनंदन सांग तिला, माझा फोन येईल. तुझ्या भावाचं घराचं काय झालं? आणि तू परत शिकवायला लागलीस हे मला तिसऱ्याकडून कळलं, त्याबद्दल मी पण रागावू शकते.

आता विचारते ते नीट ऐक. काकू म्हणतात असा दिवस महिन्यातून एखादा येतो, कधी येईल सांगता येत नाही. तू आठवडाभर ये. माझ्याकडे राहा. फोन आला की दोघी जाऊ, तुझा कॅमेरा एका बाजूने, माझा दुसऱ्या बाजूने, आवाजासाठी मोबाइलही वेगळा चालू ठेवू. ती गोष्ट ते तुला समोर बघून सांगतील असं मला वाटतं, आणि नाही सांगितली तर नाही, नुसते बसू त्यांच्याजवळ. यायच्या आधी तुझं कार्ड आज रात्रीच टेस्टला लाव आणि सकाळी मला आकडा कळव, किती जीबी चांगले आणि किती गेले.

१८ मिनिटं वेगळी पाठवतेय. बाराव्या मिनिटाला आवाज वाढव, तिथे ते आपलं गाणं म्हणतायत, शब्द चुकलेत पण चाल बरोबर आहे.

तुझी,
नीला