आईने ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, साहेब

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,

स.न.वि.वि.

मी पुण्यात धनकवडीला राहतो. ऑफिसांमध्ये नेटवर्कच्या केबल ओढणं, राउटर-स्विच बसवणं हा माझा वीस वर्षांचा धंदा. ऑनलाइन चोरांनी आईच्या खात्यातले पैसे नेले, त्यातले थोडे वाटेत अडवून ‘होल्डवर’ ठेवलेत. त्यासाठी काल तिला घेऊन अकराव्यांदा पोलीस ठाण्यात जाऊन आलो. ‘होल्डवरचे पैसे पंधरा दिवसांत मिळतील’ हे तिथेच ऐकलं होतं, त्याला चार महिने झाले. काल म्हणाले, कोर्टाचा आदेश आणा. हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?

आईला शेजारच्या काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून एक फाइल आली. नाव ‘आरटीओ चलान’, शेवटी एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. वडील गेले तरी स्कूटर अजून त्यांच्याच नावावर आहे. तिला वाटलं, दंड राहिला असेल. (काकूंनी काही पाठवलंच नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये शिरलेली फाइल आपली आपण पुढे गेली.) मेसेज वाचू देऊ का, असं फोनने विचारलं, आईने हो केलं. पाचशे रुपये भरायला कार्डाचा नंबर टाकला. रात्री सव्वादोनला तिची एफडी मोडली. 4,12,000 रुपये, वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे.

सकाळी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली गेली, 96,000 चोरांच्या एका खात्यात अडकले. बाकीचे गेले. बँकेने दीड महिन्याने एका ओळीचं पत्र दिलं: व्यवहार ओटीपी टाकून झाला आहे, सबब बँक जबाबदार नाही.

आई तेव्हापासून एकच वाक्य बोलते, ‘मी ओटीपी कुणालाच दिला नाही रे.’ आणि तिचं खरं आहे. मेसेज वाचायची परवानगी मिळालेलं अ‍ॅप आलेला ओटीपी इंटरनेटवरून चोराकडे परस्पर धाडतं. ती झोपेत होती. 6 जुलै 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात म्हटलंय की ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. आमच्या पत्रात सिद्ध केलेलं काय आहे? रात्री सव्वादोनला सदुसष्ट वर्षांची बाई एफडी मोडून चार अनोळखी खात्यांत पैसे टाकते, याचा त्या बँकेच्या यंत्रणेला संशयसुद्धा येऊ नये?

त्या पोलीस ठाण्याच्या भिंतीवर पत्रक आहे: ‘कुलपाचं चिन्ह दिसलं की वेबसाइट सुरक्षित.’ साहेब, हे चुकीचं आहे, ते आधी उतरवा. कुलूप एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बँक बसली आहे की चोर, ते त्यावरून कळत नाही. कुलूप दिसायला साइटला जे प्रमाणपत्र लागतं ते फुकट मिळतं, चोरही घेतो. बघायचा असतो तो पत्ता. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या (/) आधीचा भाग, आणि तोही शेवटाकडून मागे. बँकेचं नाव पुढे असलं तरी साइट त्याच्या मालकीची, ज्याचं नाव ‘.com’, ‘.co.in’ अशा शेपटीच्या लगेच आधी. हे चार ओळींत कुणालाही शिकवता येतं. आम्हाला मात्र फक्त ‘सावध राहा’ मिळतं, 2025 मध्ये तर काही महिने फोन लावला की रिंगच्या आधीसुद्धा तेच ऐकू यायचं.

देशात 2024 या एका वर्षात अशा फसवणुकीत 22,845 कोटी गेले, आकडा तुमच्याच केंद्र सरकारने संसदेत दिलाय. दिवसाला 62 कोटी! एवढी माणसं एकाच वेळी बेसावध झाली का?

पैसे हवेत जात नाहीत. आईचे पैसे चार खात्यांत गेले, ती खाती भारतातल्या बँकांनी आधार-पॅन बघून उघडली. आईच्या केवायसीत सही जुळली नाही म्हणून तिला तीनदा परत पाठवलं होतं. भाड्याने दिलेल्या त्या खात्यांची सही कुणी बघितली? ज्या सिमवरून ती चालली, ते कुणी विकलं? यातल्या एकालाही अजून कुणी बोलावलेलं नाही. बोलावतात आईला. प्रत्येक वेळी पासबुकाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि तोच प्रश्न: ‘आजी, तुम्ही क्लिक केलंच का?’ गेल्या वेळी ती तिथल्या बाकावर रडली. पीएमटीत घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. नेटवर्कचं काम करणाऱ्या मुलाची आई म्हणून तिला जास्त लाज वाटते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

ते 96,000 कुणाचे, याबद्दल कुणाचाच वाद नाही. तरी वकील करायचा आम्ही, तारखा घ्यायच्या आम्ही. त्या चार खात्यांच्या बँकांना लेखी जाब विचारा आणि उत्तराची प्रत आईला द्या.

पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलं आहे. झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.

आपला,
धनकवडीचा एक रहिवासी