मुलाला सारखे ‘सांग, काय झालं?’ विचारू नका

संपादक महोदय,

अत्याचार, अपघात किंवा आपत्तीतून वाचलेल्या मुलाला ‘सगळं सांगून टाक, मन हलकं होईल’ असा आग्रह अजूनही सर्रास होतो. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळे वदवून घेणे टाळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितले आहे. तरी पोलीस, डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक असे चौघे तेच प्रश्न विचारतात. प्रशिक्षित व्यक्तीने एकदाच, ‘मग काय झालं?’ असे मोकळे प्रश्न विचारून मुलाचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत. बाकीच्यांनी ती नोंद वाचावी. ‘त्यानेच मारलं ना?’ असे विचारले की जबाबही डागाळतो.

वर्गात हे मूल अनेकदा ‘लक्ष न देणारे’ ठरते. खरे तर त्याचे लक्ष दाराकडे, पावलांच्या आवाजाकडे असते. घाबरून थिजलेल्या मुलाला लांबलचक समजावणे ऐकूच येत नाही. आवाज खाली आणा, वाक्ये छोटी ठेवा, शेजारी बसा, मूल आणि दार यांच्या मध्ये उभे राहू नका, न विचारता खांद्यावर हात ठेवू नका. श्वास सावकाश सोडायला शिकवा, पण डोळे मिटायला लावू नका. कित्येकांना नेमके तेव्हाच ते सगळे दिसू लागते. वेळापत्रक बदलणार असेल तर आधी सांगा.

भयस्वप्ने, दचकणे, टाळाटाळ महिन्याहून अधिक टिकली तर तज्ज्ञाकडे न्यावे. आघातकेंद्री वर्तनोपचार (अशा धक्क्यातून सावरण्यासाठी विचार आणि वागणे यांवर काम करणारा मानसोपचार) साधारण १२ ते १६ सत्रांचा असतो आणि पालकही त्यात सहभागी असतात. घटनेबद्दल बोलणे तिथेही होते, पण स्वतःला शांत करणे जमू लागल्यानंतर.

आता या मुलांसोबत काम करणाऱ्यांविषयी. ऐकलेल्या प्रसंगांची स्वप्ने पडणे, एखादी केस पुढे ढकलत राहणे, घरी चिडचिड किंवा काहीच न वाटणे ही दुय्यम आघाताची, म्हणजे दुसऱ्याचा आघात ऐकून स्वतःला बसणाऱ्या धक्क्याची लक्षणे आहेत. त्यावर संस्था वर्षातून एक योगशिबिर भरवतात आणि केसेसचा ढीग तसाच ठेवतात! हवा असतो तो अनुभवी मार्गदर्शकासोबतचा ठरलेला तास, निदान पंधरवड्याला एकदा. हा मार्गदर्शक कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब नसावा; नाहीतर कोणी खरे बोलत नाही. लैंगिक अत्याचाराच्या सगळ्या केसेस ‘ती चांगलं हाताळते’ म्हणून एकीच्याच माथी मारू नयेत. अवघड सत्रानंतरची १५ मिनिटे वेळापत्रकातच मोकळी असावीत. सहकाऱ्याला तपशील सांगण्याआधी ‘आत्ता ऐकशील का?’ एवढे विचारावे.

कर्मचारी थकून अचानक नोकरी सोडतो, तेव्हा मुलाच्या दृष्टीने आणखी एक माणूस न सांगता गेलेला असतो. म्हणून निरोप तीन-चार आठवडे आधी सांगावा, जाण्याची तारीख मुलाला कॅलेंडरवर दाखवावी आणि शेवटची दोन सत्रे नव्या व्यक्तीसोबत एकत्र घ्यावीत. राजीनाम्याच्या नियमांत संस्थांनी एवढी तरतूद करावी.

– आघातग्रस्त मुलांसोबत काम करणारे काही समुपदेशक