लग्नसराईतील मेकअप आणि मुरुमांचे डाग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीचे लग्न लागले की पुरवण्यांमधून नवरीच्या मेकअपविषयी लेख येऊ लागतात. यंदा अशा एका लेखात, मुरुमांमुळे चेहऱ्यावर पापुद्रे सुटले असतील तर आदल्या दिवशी स्क्रबने ते काढून टाकावेत आणि वर फाउंडेशनचा जाड थर द्यावा, असा सल्ला वाचला. अनेक वर्षे नवऱ्यांचा मेकअप करणारी एक ब्यूटिशियन म्हणून मला हा सल्ला घातक वाटतो.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुली लग्न ठरल्यावर त्वचारोगतज्ज्ञांचे औषध सुरू करतात. अ‍ॅडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड ही मुरुमांवरची मलमे लावायला लागल्यावर पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर साल सुटते. अशा त्वचेवर अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब घासला तर खपल्या निघतात, आग होते आणि आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या रंगावर त्या जागी पडणारा काळपट डाग पुढे कित्येक महिने हटत नाही. मुरुमांवरच्याच आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असणाऱ्या मुलीच्या ओठांवरचे वॅक्सिंग केले तर कातडीच सोलून निघते. म्हणूनच पार्लरमध्ये नवरीला पहिला प्रश्न चालू औषधांचा विचारला गेला पाहिजे.

पापुद्रे झाकण्याचे खरे काम मेकअपच्या आधीच होते. सौम्य फेसवॉशने तोंड धुऊन, चेहरा जरा ओलसर असतानाच साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे आणि ते मुरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मांडवातल्या गडबडीत नेमकी हीच मिनिटे कुणी देत नाही! एवढे करूनही एखादा पापुद्रा उभा राहिलाच, तर तो ओढू नये, ओल्या स्पंजने टिपून बसवावा. कोरड्या जागी पावडर लावूच नये, कारण ती प्रत्येक पापुद्र्याच्या कडेला साचते आणि व्हिडिओच्या दिव्याखाली जो भाग लपवायचा तोच आधी दिसतो.

डागांच्या बाबतीतही ‘लालसर डागावर हिरवा करेक्टर’ (डागाचा रंग दबवणारे रंगीत क्रीम) हा नियम सरसकट सांगितला जातो. गोऱ्या त्वचेवरच्या ताज्या लाल डागाला तो चालतो, पण सावळ्या चेहऱ्यावरच्या जुन्या तपकिरी डागावर हिरवा रंग लावला की राखाडी छटा येते. तिथे पीच किंवा नारिंगी करेक्टरच हवा, तोही नखाच्या टोकावर मावेल इतकाच. त्यावर त्वचेच्याच रंगाचा कन्सीलर (डाग झाकणारे दाट क्रीम) बारीक ब्रशने फक्त डागावर टेकवून कडा अनामिकेने थोपटून मिसळाव्यात. उजळ कन्सीलर घेतला तर डाग उलट उठून दिसतो. खड्डे आणि उंचवटे मात्र कोणत्याही रंगाने सपाट होत नाहीत, हे ट्रायलच्या दिवशीच नवरीला आणि तिच्या आईला स्पष्ट सांगावे. ओल्या, चिघळलेल्या फोडावर तर काहीच लावू नये, आणि एकीच्या चेहऱ्यावरून फिरवलेला ब्रश न धुता दुसरीला लावणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

याहून अधिक चिंता वाटते ती ‘आठ दिवसांत चेहरा स्वच्छ’ म्हणून हातोहात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडयुक्त मलमांची. 2018 मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली गेली, तरी ती सहज मिळतात. त्यांनी चेहरा काही दिवस नितळ दिसतो, पण मलम थांबताच लाली आणि पुटकुळ्या दुप्पट जोराने उसळतात, त्वचा पातळ होते आणि मग तिला साधे मॉइश्चरायझरही सोसत नाही.

माझी विनंती एवढीच, की पुढील पुरवणीतील असा मजकूर छापण्यापूर्वी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा आणि सोबतच्या छायाचित्रांत सावळ्या, डाग असलेल्या चेहऱ्यांनाही जागा द्यावी.

– एक ब्यूटिशियन, मिरज