दार लावून दाखवीन

सोलापूर,
८ डिसेंबर २०२४

दत्त्या,

गणपतीपासून तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी. शुगर आहे तेवढीच.

बोटाचं कळलंच असेल तुला. उजवी तर्जनी, मुळापासून. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात तिचे १४ टक्के. अंगठ्याला ३०, करंगळीला ७. आपल्या बापानंसुद्धा आपल्याला इतकं बारीक मोजलं नव्हतं बे! कारखान्यात आम्ही आठच, त्यामुळं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा नाही. वकीलसाहेबांनी हिशेब मांडला: पगार १५ हजार, त्याचे ६० टक्के नऊ हजार, गुणिले पंचेचाळीस वयाचा आकडा १६९.४४, त्याचे १४ टक्के. दोन लाख तेरा हजार. मालक म्हणतो, सव्वा लाख घे, मिटव. तोवर मी निम्म्या पैशात टॉवेलच्या घड्या घालतोय.

वकीलसाहेब तक्त्यावर थांबायला तयार नाहीत. १९७६ च्या रिपोर्टातला सुप्रीम कोर्टाचा निकाल काढलाय. एका सुताराचा डावा हात गेला, सुतारकाम संपलं, म्हणून शंभर टक्के धरले. तसंच आपलं, तार जोडता येत नाही तर विणकर कसला? अर्जावर तसं लिहिलंय, खाली माझी सही.

आणि इथंच घोळ झालाय. हिलापण बोललो नाही. रात्री झोप लागेना म्हणून सूत घेऊन बसायचो. अंगठा आणि मधलं बोट. आधी गाठ सुटायची. तिसऱ्या आठवड्यात ओढून बघितली, तर सूत तुटलं, गाठ तशीच! तू शिकवलेलीच गाठ. चुकली की हातावर कांडी हाणायचास. (पहिल्या दिवशीची तार तूच तोडली होतीस, अजून म्हणतो.)

एवढ्यानं कोणी माग देत नाही, हे खरंय. एका गाठीला मिनिट जातं, पूर्वी दोन माग सांभाळायचो. पण येते ना, बे! वकिलांना सांगू तर पुन्हा १४ वर येईल का? न सांगू तर सही खोटी. काल शेजारच्या मागाची तार तुटली, पोरगा चहाला गेलेला. मी उठलो. मालक काचेतून बघत होता. हात खिशात घातला आणि परत घडीवर बसलो.

लेकीचं ठरलं ऐकलं, छान झालं. भिवंडीत पाणी येतंय का? वहिनींना नमस्कार. गड्ड्याच्या जत्रेला ये. गाठ दाखवतो, दार लावून.

तुझा,
सिद्धू