रोशा तेल म्हणजे नेमके कोणते तेल?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुगंधी गवतांच्या लागवडीविषयी आपल्या दैनिकात आलेल्या लेखात रोशा गवताचे तेल हा एकच पदार्थ आहे असे धरून उतारा आणि भाव यांचा हिशेब मांडला आहे. रोशा म्हणजेच तिखाडी ही वनस्पती खानदेशाला नवी नाही; पिंपळनेर, नंदुरबार, अक्राणी, तळोदा या पट्ट्यात ओढ्याकाठी भट्ट्या लावून रानातल्या गवताचे तेल पूर्वापार काढले जात असे. भट्टीवाल्यांना मात्र पक्के ठाऊक होते की हे गवत दोन तऱ्हांचे असते, एक मोतिया आणि दुसरे सोफिया.

नुसते पाहून या दोन्हींत फरक करणे नवख्याला जवळजवळ अशक्य आहे. फुलोऱ्यातले पाते बोटांत चुरगळून नाकाशी धरले की मोतियाला गुलाबाच्या जवळ जाणारा गोडसर वास येतो, तर सोफियाचा वास उग्र, आल्याची आणि टर्पेंटाइनची आठवण करून देणारा असतो. कारण उघड आहे: मोतियाच्या तेलात साधारण 75 ते 95 टक्के जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबासारखा वास देणारे द्रव्य, असते, सोफियात ते बरेच कमी असून लिमोनीन आणि पेरिलिल अल्कोहोल यांसारखी द्रव्ये पुढे येतात. पाऊस, जमीन आणि कापणीची वेळ यांनी तेल थोडेफार बदलते हे खरे, पण हा फरक त्यातला नव्हे, तो आनुवंशिक आहे. मोतियात 20 तर सोफियात 40 गुणसूत्रे आढळली आहेत, त्यामुळे चांगल्या जमिनीत लावून सोफियाचा मोतिया होईल अशी आशा कोणी बाळगू नये.

(मोतियाचे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत, वास्तविक ते ना तुर्की होते, ना जिरॅनियम या फुलझाडाचे!)

मध्यंतरी एका प्रदर्शनातून मी ‘रोशा तेल, 100 टक्के शुद्ध’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली आणली. बूच उघडताच सोफियाचा दर्प आला. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण तेल शुद्ध असेलही. पण कोणत्या रोशाचे, हे चिठ्ठीवर नसल्याने त्या शुद्धतेला फारसा अर्थ उरत नाही. तुळशीचेही असेच आहे. एखाद्या रोपाच्या तेलात युजेनॉल हे सुगंधी द्रव्य प्रमुख असते, तर दुसऱ्याच्या तेलात मिथाइल युजेनॉल, आणि बाटलीवर मात्र दोन्हीकडे ‘तुळस’च.

म्हणून रानातले बी गोळा करून शेतकऱ्यांना वाटणाऱ्यांनी पाकिटावर मोतिया की सोफिया हे स्पष्ट लिहावे, आणि शंका असल्यास ज्या ठोंबांचे बी घेतले त्यांचे थोडे तेल काढून गॅस क्रोमॅटोग्राफीने (तेलातली द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने) तपासावे. एकदा शेतात भलतेच बी पडले की ते कापणीपर्यंत कळत नाही. तेल खरेदी करणाऱ्यांनीही जिरॅनिऑलचे प्रमाण पावतीवर नोंदवावे. सोफियाला स्वतःचे गिऱ्हाईक आहे, तेव्हा ते मोतियात लपवून विकण्याचे कारण नाही. आपल्या पुढील लेखात या दोन तेलांचे भाव वेगवेगळे छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नंदुरबार