मा. पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र: डीएनए लसीचा पहिला प्रयोग आंत्रविषारावर करा

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

जनावरांच्या जिवाणूजन्य रोगांवरची डीएनए लस राज्यातच तयार व्हावी, ही आमचीही मागणी आहे. मात्र पहिला रोग कोणता धरायचा, इथेच घोडं अडेल. घटसर्पाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आधी येतं. पण त्याची प्रतिकारशक्ती बऱ्याच अंशी जंतूच्या आवरणातल्या लायपोपॉलिसॅकराइडवर बेतलेली असते. ते प्रथिन नाही, त्यामुळे त्याचा जनुक उचलून प्लाझ्मिडात, म्हणजे लस म्हणून टोचायच्या डीएनएच्या गोल कड्यात, घालता येत नाही. डीएनए लस जनावराच्या पेशीकडून फक्त प्रथिन बनवून घेऊ शकते.

मेंढ्यांच्या आंत्रविषाराचं गणित सोपं आहे. जत, आटपाडी, माण भागात पहिल्या पावसानंतर कोवळ्या चाऱ्यावर कळपातली सगळ्यात धष्टपुष्ट कोकरंच आधी दगावतात. मारतं ते मुख्यतः एकच प्रथिन: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूच्या 'डी' प्रकाराचं एप्सिलॉन विष. त्याच्या साखळीत 106 व्या जागी हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन बसवलं की ते निर्विष होतं.

यावर टॉक्सॉइड (निर्विष केलेल्या विषाची) लस आहेच, मग नवी कशाला, असं आपले अधिकारी विचारतील. रास्त आहे. पण लस आहे म्हणूनच मोजपट्टीही आहे. रक्तातलं अँटिटॉक्सिन, म्हणजे विषाविरुद्धची प्रतिपिंडं, आंतरराष्ट्रीय एककांत मोजता येतं, मेंढीला रोग लावून पाहायची गरज पडत नाही. खरी निकड गाईम्हशींच्या सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेला जिवाणूच्या रोगाची) आहे. एस-19 ही जिवंत लस फक्त 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना देता येते, गाभण जनावराला चालत नाही, सुई हाताला लागली तर टोचणाऱ्यालाच आजार होऊ शकतो, आणि पुढे रोझ बेंगाल या रक्तचाचणीत लसीचं जनावर व रोगी जनावर यांत घोळ होतो. तिथे डीएनए लस हवीच. पण ब्रुसेला पेशीच्या आत दडतो, त्याची चाचणी अवघड आणि महाग. हात आधी मेंढीवर बसू द्या.

काम कुठे फसतं तेही सांगतो. क्लॉस्ट्रिडियमच्या जनुकात डीएनएची ए आणि टी ही अक्षरं फार. तो जसाच्या तसा घातला तर मेंढीची पेशी प्रथिन जेमतेमच बनवते. म्हणून प्रथिन तेच ठेवून कोडॉन (जनुकातले तीन-तीन अक्षरांचे शब्द) बदलून जनुक नव्याने बनवून घ्यावा लागतो. जिवाणूच्या प्रथिनावर मेंढीच्या पेशी नको तिथे साखर चिकटवतात, त्या जागाही आधीच बदलाव्यात. प्लाझ्मिड ई. कोलाय जिवाणूमध्ये वाढवतात, तेव्हा त्याच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष सोबत येतं. ते काढलं नाही तर मेंढी तापते आणि दोष लसीवर येतो. डीएनएची शुद्धता दाखवणारं प्रकाशशोषणाचं 260/280 गुणोत्तर 1.8 आलं म्हणजे झालं, असं समजणारे बरेच भेटतात. त्या आकड्यात एंडोटॉक्सिन दिसतच नाही. त्याची चाचणी वेगळी, आणि सुपरकॉइल्ड (घट्ट पिळलेला, न तुटलेला) प्लाझ्मिड किती टक्के उरला हे जेलवर पाहणं वेगळं.

सगळ्यात मोठी अडचण टोचण्याची. उंदरात चाललेली लस मोठ्या जनावरात साध्या सुईने दिली की ढेपाळते, कारण फार थोडा डीएनए पेशीत शिरतो. विजेचे झटके देणारं यंत्र दोनशे मेंढ्यांच्या वाड्यावर चालणार नाही. 2021 मध्ये परवानगी मिळालेली झायकोव्ह-डी ही माणसांची, कोविडच्या विषाणूवरची डीएनए लस बिनसुईच्या जेट यंत्राने त्वचेत द्यायची होती. तेच यंत्र मांडीच्या आतल्या, लोकर नसलेल्या कातडीवर वापरून पाहावं. त्या परवानगीत तिचे 28 दिवसांच्या अंतराने तीन डोस होते. कळप दिवाळीनंतर बाहेर पडतो, तिसऱ्या डोसाला मेंढपाळ सापडायचा नाही. दोनांत बसलं तरच पुढे जावं.

आमची मागणी अशी: शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्यातल्या औंधची जैवपदार्थ निर्मिती संस्था यांना मिळून हे काम द्या. मेंढ्यांचे चार गट करावेत: डीएनए लस 0.5 मिलिग्रॅम, 1 मिलिग्रॅम, विषाचा जनुक नसलेला रिकामा प्लाझ्मिड आणि चालू टॉक्सॉइड. लस 0 आणि 21 व्या दिवशी, रक्त 0, 21, 42 व्या दिवशी आणि सहा महिन्यांनी. इमारतीला एक रुपयाही नको. पैसा जेट यंत्रं, एंडोटॉक्सिन चाचणी आणि उणे 20 अंशांच्या फ्रीजरला जनरेटर यांवर लावा. आरसीजीएमचा (जनुकीय बदलांच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या केंद्रीय समितीचा) अर्ज मात्र पहिल्याच महिन्यात जाऊ द्या. तो रखडला तर पावसाळ्याआधीचा हंगाम हुकतो आणि वर्ष जातं.

आपले,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील पशुवैद्यक